पहाटे तीनचं जेवण

ऐरोलीत नाइटला लागून मला चार वर्षं झाली. रात्री नऊला कळव्याहून कॅब, सकाळी सातला घरी. सुरुवातीला मजाच वाटायची. तीनला कँटीनमध्ये शेजवान राइस, साडेचारला डोळे मिटायला लागले की मशीनची गोड कॉफी, सुटल्यावर टपरीवर वडापाव. घरी आई पोह्यांची डिश घेऊन उभी: "रात्रभर राबून आलास, दोन घास खा रे." तिला नाही कसं म्हणणार?

नऊ किलो वाढले. छातीत जळजळ रोजचीच. शेवटी बायकोनं साखर तपासायला कामावरून परस्पर लॅबमध्ये पाठवलं. तिथल्या पोरानं विचारलं, "उपाशीपोटी ना?" म्हटलं, हो, तीनला जेवलोय. तो हसायलाच लागला. आठ तास तरी पोटात काही नको होतं, त्यामुळे उपाशीपोटीची टेस्ट सुट्टीच्या दिवसावर गेली. एचबीएवनसी या दुसऱ्या रक्ततपासणीला उपाशी राहावं लागत नाही, मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी त्यात कळते. ती आली ६.१. डॉक्टर म्हणाले, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

मी गोड सोडायच्या तयारीनं गेलो होतो. त्यांनी आधी वेळा विचारल्या. रात्री स्वादुपिंडातून येणाऱ्या इन्शुलिनचं काम मंदावतं, त्यामुळे तीच पोळी-भाजी पहाटे खाल्ली की साखर जास्त चढते. "तू जागा आहेस, पण ते तुझ्या स्वादुपिंडाला कोण सांगणार?"

आता निघायच्या आधी आठला पोटभर जेवतो: भाकरी, उसळ, ताक. मध्यरात्रीनंतर भूक लागलीच तर मूठभर फुटाणे नाहीतर उकडलेलं अंडं. एकनंतर कॉफी बंद, कारण पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतं. पहिले पंधरा दिवस शेजवानच्या वासानं जीव कासावीस व्हायचा. आईची समजूत काढायला त्याहून जास्त दिवस लागले.

झोपेचं मात्र जमलेलं नाही. खिडकीला जाड काळं कापड लावलंय, पण साडेअकराला खाली भंगारवाल्याचा रेकॉर्ड केलेला भोंगा सुरू होतो, त्याला कापड काय करणार! शनिवार-रविवारी सगळ्यांबरोबर दुपारी जेवतो, रात्री झोपतो आणि सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

तीन महिन्यांनी ५.८ आलं. डे शिफ्टसाठी अर्ज टाकलाय. नाइटचा भत्ता जाईल म्हणून तो विषय घरात कुणी काढत नाही.