टक्क होतं, पण सेल्फ फिरत नाही: माझी आठशे, नोंद तिसरी

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) उघडला, त्यातले झिजणारे कार्बन ब्रश आणि बुश बदलले, विषय संपला. आठच दिवसांनी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढून टपरीवर चहाला थांबलो. वीस मिनिटांनी किल्ली फिरवली, एकदाच ‘टक्क’ झालं आणि पुढे काही नाही.

नव्यांसाठी सांगतो. गाडी १९९६ ची, कार्बुरेटरवाली मारुती ८००. सकाळी थंड असताना पहिल्या किल्लीला सुरू. तापलेली गाडी बंद करून पंधरा-वीस मिनिटांत परत सुरू करायला गेलं की दहापैकी तीनदा रुसते. अर्ध्या-पाऊण तासाने जणू काही झालंच नाही. मेस्त्रींच्या दारात तर एकदाही नाही. मी नवी बॅटरीही घालून बसलो होतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहणाऱ्याला उताराची ददात नाही, त्यामुळे गाडी उताराकडे तोंड करून लावायची, सेकंड टाकून क्लच सोडायचा, असं चाललं होतं. पण पोवई नाक्यावर घरच्यांना उतरून ढकलावं लागलं आणि मला मुदत मिळाली: दिवाळीपर्यंत.

टपरीवाले काका म्हणाले, “बॅटरी बसली असंल, सर.” त्यांना दाखवायला हेडलाइट लावून पुन्हा किल्ली मारली. टक्क झालं, पण भिंतीवरचा उजेड जरासुद्धा मंदावला नाही. तिथे माझी ट्यूब पेटली. सेल्फची मोटर जाम असती किंवा बॅटरी खचली असती, तर उजेड पार पिवळा पडला असता. म्हणजे मोटरपर्यंत करंट जातच नव्हता. सोलेनॉइड, म्हणजे मोटरला करंट जोडून देणारा विजेचा चुंबक, हलत होता, पण आतले कॉन्टॅक्ट जुळवण्याइतकी ओढ त्याच्यात नव्हती.

मग ठरवलं, आता एकही पार्ट बदलायचा नाही. सोलेनॉइडच्या ५० नंबरच्या टर्मिनलला (किल्लीकडून करंट येतो तिथे) एक लांब वायर जोडली, बॉनेटच्या फटीतून आत आणली आणि मल्टिमीटर डॅशबोर्डवर चिकटपट्टीने बसवला. दुसरी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला. थंड असताना सेल्फ मारताना ९.८ व्होल्ट. तीन फेऱ्या गाडीने शहाण्यासारखं वागून दाखवलं. चौथ्या फेरीला, त्याच टपरीसमोर, टक्क! मीटरवर ७.७. बॅटरीवर त्याच वेळी १२.३. साडेचार व्होल्ट वाटेत गायब! गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि बॅटरीच्या प्लसपासून थेट ५० ला वायर टेकवली. सेल्फ गर्रकन फिरला.

घरी येऊन तापलेल्या गाडीवरच वाटेचे तुकडे पाडून मोजलं. किल्ली कुणीतरी धरायची, मी खाली आडवा. बॅटरीपासून इग्निशन स्विचपर्यंत ०.६ व्होल्ट, स्विचमध्ये १.१. उरलेले २.९ स्विच आणि सेल्फच्या मध्ये. ती वायर हाताने चाचपत गेलो तर ती बोनेटकडे न जाता गालिच्याखाली वळली, आणि हँडब्रेकच्या बाजूला हाताला लागला चोर स्विच, म्हणजे गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लपवून बसवलेला स्विच! आधीच्या मालकाने बसवलेला, घंटीला वापरतात तसल्या बारीक वायरवर, नुसत्या पिळून काळी टेप गुंडाळलेल्या जोडांचा. टेप सोडली तर चिकट काळा रस आणि आत हिरवी पडलेली तांब्याची तार. एका जोडात सात-आठ तारांपैकी तीनच धड होत्या.

गरम असतानाच का, तर तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. इंजिन बंद केल्यावर वारा लागत नाही, उष्णता सोलेनॉइडमध्ये मुरते. गुंडाळी साठ अंशांनी तापली तर रोध जवळपास पावपट वाढतो, करंट कमी, ओढ कमी. थंडीत ९.८ व्होल्टवर निभत होतं, गरमीत निभेना.

चोर स्विच काढला. चार पायांचा रिले (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) बसवला: ३० नंबरच्या पायाला बॅटरीहून ४ चौरस मिमीची वायर, मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज; ८७ वरून सोलेनॉइड; ८६ ला किल्लीची वायर; ८५ अर्थ. वायरींच्या टोकांना थिंबल (धातूची टोकं) दाबून क्रिम्प केले, वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). खर्च सेल्फच्या कामाच्या एक दशांशसुद्धा नाही. (हे घरात सांगितलेलं नाही.) आता तापलेल्या गाडीवर सेल्फ मारताना ५० वर १०.२ मिळतात.

त्यानंतर यवतेश्वर अकरा वेळा, एकदा कासपर्यंत. टक्क नाही. काका विचारतात, “आज ढकलायची नाही?”

चोर स्विच पुन्हा बसवावा असं मनात आहे, पण या वेळी ८६ च्या वायरमध्ये. तिथून जेमतेम पाव अँपिअर जाईल, त्यामुळे छोटा स्विचही पुरेल. मीटर मात्र अजून डॅशबोर्डवरच आहे.