तुम्ही विचारलंत म्हणून: फुकुशिमाची चित्रं मी का थांबवली

२०११ च्या मार्चमध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला, त्यामुळे मार्च आला की विचारणारे विचारतातच. तोक्योत राहतेस, हातात कला आहे, २०११ नंतर दीड वर्ष झपाटल्यासारखी फुकुशिमाची चित्रं काढत होतीस, मग एकदम का थांबलीस, कोणी दम दिला का? नाही हो, कोणीही दम दिला नाही. एकदाच सगळं लिहून टाकते.

२०१२ चा नोव्हेंबर. एका छोट्या हॉलमध्ये आम्हा सात-आठ जणांचं प्रदर्शन होतं. माझं जलरंगातलं मोठं चित्र, लाल दप्तर लावलेली शाळकरी मुलगी, तोंडावर गॅस मास्क, मागे पर्सिमनचं झाड फळांनी लगडलेलं. सगळ्यांना आवडलेलं, मलाही, खोटं कशाला बोलू. दुपारी एक बाई आल्या, सोबत आठ-नऊ वर्षांची लेक. फुकुशिमातल्या दाते शहरातून इकडे राहायला आलेल्या. तिकडे पर्सिमन सोलून दोरीला टांगून वाळवतात, अंपोगाकी म्हणतात त्याला, आणि अपघातानंतर ते करणंच बंद झालेलं, त्यामुळे फळं झाडावरच. बाई म्हणाल्या, "झाड बरोबर काढलंय तुम्ही." मी खूश. तेवढ्यात मुलीने विचारलं, "हिचा बॅज कुठाय?"

मला कळेचना. मग बाईंनी सांगितलं, ग्लास बॅज, अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा, तिकडे मुलांना दिले होते, दिवसभर गळ्यात. शाळेत, खेळताना, सगळीकडे. "असला मास्क हिने कधी घातला नव्हता. इथे आल्यावर रेडिएशन लागेल म्हणून वर्गातली मुलं हिला हात लावू देत नव्हती. हे चित्र बघून कोणती आई आपल्या पोरीला हिच्या शेजारी बसू देईल?" आवाज जराही चढवला नाही त्यांनी. वाकून नमस्कार केला आणि गेल्या.

मी मनातल्या मनात वकिली सुरू केली, की हे प्रतीक आहे, कोणा एका मुलीचं चित्र नाही, वगैरे. अजूनही त्यातलं थोडं खरंच वाटतं मला. पण सिव्हर्ट, बेकरेल ही रेडिएशन मोजायची एककं तोंडपाठ असलेल्या माझ्यासारख्या बाईला पोराच्या गळ्यात काय लटकतंय ते माहीत नव्हतं, आणि तरी ती पोराचं चित्र काढत होती!

मग २०१८ ला कलाकार केन्जी यानोबेंचा 'सन चाइल्ड' हा पुतळा फुकुशिमा शहरात उभा राहिला. ६.२ मीटर उंच मूल, पिवळा प्रोटेक्टिव्ह सूट, हेल्मेट काढून हातात घेतलेलं, छातीवरच्या रेडिएशन मीटरवर ०००. ऑगस्टमध्ये बसवला, सप्टेंबरात उतरवला. लोकांचं म्हणणं, आम्ही काय असले सूट घालून फिरतो का, आणि निसर्गात रेडिएशन शून्य कधीच नसतं. यानोबेंनी माफी मागितली. आणि मी काय केलं, तर भांडले, लिहिलं की लोकांना टोचलं म्हणून शिल्प उतरवायचं नसतं. २०१२ ला त्या बाई येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी स्वतःचं चित्र मी भिंतीवरून उतरवलं होतं, ते मात्र तेव्हा कुणाला सांगितलं नाही. दोन्ही वेळा मीच बरोबर कशी असेन?

मास्क न दाखवताही हे मांडता येतं म्हणून काही जण फोटोग्राफर शिम्पेई ताकेदांचं काम दाखवतात. ते मूळचे फुकुशिमाचेच. १२ ठिकाणची दूषित माती फोटो-फिल्मवर अंधारात ठेवली, मातीतल्या किरणांनी फिल्मवर आपापले ठिपके उमटवले, काळ्यावर पांढरे, फुकुशिमातल्याच निहोनमात्सु किल्ल्यातल्या मातीचं तर चांदण्यांनी भरलेलं आभाळच वाटतं. अप्रतिम आहे ते, पण त्यात माणसाचा चेहरा नाही, आणि मला चेहराच काढायचा होता. बॅजवाली मुलगीही काढून पाहिली, चार वेळा. बघणाऱ्यांना ते शाळेचं आयकार्ड वाटतं. मास्क काढला तर कोणाला काहीच कळत नाही, ठेवला तर त्या मुलीशी खोटं बोलल्यासारखं होतं.

ते चित्र फाडलेलं नाही मी. कपाटामागे आहे, भिंतीकडे तोंड करून. मध्यंतरी रत्नागिरीहून एका ओळखीच्यांनी जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरोधातल्या पोस्टरसाठी मागितलं, मास्कवालंच हवंय म्हणाले. त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.