धुऱ्याकडची तूर

शाळा पाचला सुटते. निळी गाडी पाच वीसला स्टँडवरून निघते आणि पाच चाळीसला फाट्यावर पोचते. फाट्यापासून वाडी अडीच किलोमीटर. गेली तीन वर्षं माझी संध्याकाळ या अडीच किलोमीटरवर अडकलेली असते. सव्वासहाला मी वाडीतल्या आशाताईंना फोन लावते. त्या हॅलोसुद्धा म्हणत नाहीत, नुसतं 'अकरा' म्हणतात. मग मी फोन ठेवून भाजी फोडणीला टाकते.

अकरा मुली, पाचवीपासून दहावीपर्यंतच्या. वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. पुढे शिकायचं तर नऊ किलोमीटरवर आमचं हायस्कूल. आमचा जालना जिल्हा मानव विकास कार्यक्रमात येतो. राज्यातल्या ज्या १२५ तालुक्यांत हा कार्यक्रम आहे, तिथे मुलींना शाळेत ने-आण करायला एसटीच्या निळ्या गाड्या आहेत. पास मुलींना बारावीपर्यंत मोफत, आणि आता तो शाळेतच मिळतो. पूर्वी जूनमध्ये त्यासाठी स्टँडवर रांगा लागायच्या, पोरींचे दोन-दोन तास बुडायचे. आठवीपासून पुढच्या मुलींना सायकलीही मिळतात, पण शाळा पाच किलोमीटरच्या आत असली तर. त्याहून लांब असलेल्यांसाठी गाडी.

ओढ्यावरचा नळकांडी पूल तीन वर्षांपूर्वीच्या पावसात वाहून गेला. तेव्हापासून गाडी फाट्यावरून परत फिरते. सायकलीला शाळा लांब पडते आणि गाडी घरापर्यंत येत नाही, अशा मधल्या जागी या अकरा जणी आहेत.

गाडी नसली तर काय होतं हे मी एकदा पाहिलंय. कोरोनानंतर ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडल्या आणि महिनाही झाला नाही तोवर एसटीचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांचं दुखणं खरं होतं, त्यांच्यातल्या काहींची मुलं माझ्याच वर्गात बसायची. पण त्या सहा महिन्यांत जीपशिवाय काही नव्हतं. जायला वीस, यायला वीस. कापूस वेचणाऱ्या आईनं रोज चाळीस रुपये कुठून काढायचे? ज्यांनी काढले त्यांच्या मुली जीपच्या मागच्या फळीवर उभ्या राहून यायच्या. सातवीतली एक खड्ड्यात जीप आदळली तेव्हा खाली पडली, मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी वाडीच्या पाच मुली गैरहजर होत्या. संप मिटल्यावर गाडी सुरू झाली, मुली हळूहळू परत आल्या, दोघी आल्या नाहीत. एक आईबरोबर वेचणीला जायला लागली होती. दुसरीला मामाच्या गावी पाठवून दिलं होतं. त्यांची नावं पटावरून कमी करताना माझा हात चालेना.

शिक्षण हक्काचा कायदा आठवीपर्यंत सोबत करतो. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी, असं त्यात धरलेलं आहे. पण घरच्यांच्या मनात भीती शिरते तीच मुळी आठवीत.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी आशाताई 'दहा' म्हणाल्या. मी विचारलं, 'कोण नाही?' नाव ऐकलं आणि तशीच यांच्या मागे मोटरसायकलवर बसले. नोव्हेंबरअखेरीस आमच्याकडे पावणेसहालाच सूर्य मावळतो. फाट्यापासून पुढे दोन्ही बाजूंना तूर, माणसाच्या डोक्यावर गेलेली. गाडीचा उजेड फक्त समोरच्या खड्ड्यांपुरता. मी दर थोड्या अंतरावर थांबवून हाका मारत होते आणि तुरीच्या आत काही हललं की छाती धडधडत होती. पोरगी ओढ्याजवळ सापडली. वाहून आलेल्या सिमेंटच्या नळ्यावर पोट धरून बसली होती. पाळीनं पोट दुखत होतं, चालवेना, म्हणून तिनेच बाकीच्यांना 'तुम्ही व्हा पुढं, अंधार पडतोय' म्हणून पाठवलं होतं. मला पाहून म्हणाली, 'मॅडम, आता घरी सांगू नका, शाळा बंद करतील.'

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अकरा जणींना घेऊन बसले. ठरलं ते एवढंच: सगळ्यात हळू चालणारी सगळ्यात पुढे. तिच्या चालीनं बाकीच्या चालतील. कुणी कुणाला पुढे पाठवायचं नाही, स्वतःहून मागेही राहायचं नाही. दहावीतली मोठी सगळ्यात शेवटी. तेव्हापासून आजवर आकडा चुकलेला नाही.

पण त्या मुलीचे वडील आठवड्याभरात शाळेत आलेच. ओरडले नाहीत. टोपी हातात घेऊन उभे राहिले. 'मॅडम, पोरगी हुशार हाये हे मला बी माहिते. पण तुरीतून कोण निघंल, हे तुम्ही सांगता का?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी थोडी आधी सोडायला विचारून झालं होतं. तीच गाडी आधी दुसऱ्या बाजूची मुलं सोडून येते, तेव्हा ते जमण्यासारखं नव्हतंच. पुलाचं काम तीन वर्षं 'मंजूर' आहे. ग्रामसभेत दोनदा उभी राहून बोलले, अर्जाच्या पोचपावत्या फाईलला आहेत.

त्यांचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. मुली चालतात ते अंतर कमी करणं माझ्या हातात नाही, पण त्या लांबून दिसत राहतील असं काही करता येईल का? सोयाबीन दसऱ्याच्या आसपास निघतं, रान मोकळं होतं. तूर मात्र डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी असते, नेमकी दिवस लहान असतात तेव्हा. वेचणीच्या बायका संध्याकाळपर्यंत शेतात असतात, पण तुरीमुळे त्यांना रस्ता दिसत नाही आणि रस्त्यावरच्या मुलींना त्या दिसत नाहीत.

म्हणून या मे महिन्यात आशाताईंना बरोबर घेऊन रस्त्याला लागून रान असलेल्या सात जणांच्या घरी गेले. म्हटलं, तूर घ्या, पण धुऱ्याकडची (रस्त्याच्या बांधाकडची) पाच-सहा तासं (पेरणीच्या ओळी) सोडून घ्या. तिथं नुसतं सोयाबीन पेरा. एकजण म्हणाले, 'तेवढ्यानं काय हुतंय?' त्यांच्या सुनेनं आतूनच उत्तर दिलं, 'हुतंय. मी बी त्याच रस्त्यानं येते.' तिथं चहा घेऊन उठलो तेव्हा सासरे हो म्हणाले होते. सातांपैकी पाच जणांनी होकार दिला.

पेरण्या जूनअखेरीस झाल्या. परवा गाडी गेल्यावर स्कूटी घेऊन मीच फाट्यापासून ओढ्यापर्यंत जाऊन आले. उजव्या हाताला धुऱ्यापासून आत बरंच लांबवर सोयाबीनच आहे, चांगलं वीतभर झालंय. डाव्या हाताला ओढ्याच्या अलीकडे एका रानात तूर अगदी रस्त्याला खेटून टोकलेली आहे. त्या घरी आता उपटा म्हणून सांगायला जाणार नाही, उगवलेलं पीक कोण उपटेल? दिवाळीच्या सुट्टीनंतर तेवढा तुकडा ओलांडेपर्यंत त्या घरातल्या आजी धुऱ्यावर येऊन उभ्या राहतील का, एवढं विचारायला रविवारी जाते आहे.