विनू मांकड यांच्या ४४ कसोटींची नोंदवही

विनू मांकड यांची कसोटी कारकीर्द छापील आकड्यांत दोन ओळींत मावते. पहिल्या ओळीत ४४ सामने, ७२ डाव, २१०९ धावा, ३१.४७ ची सरासरी आणि पाच शतके. दुसऱ्या ओळीत १६२ बळी, ३२.३२ ची सरासरी आणि डावात पाच किंवा अधिक बळी आठ वेळा. आमच्या क्लबच्या वाचनालयाने भारतीय अष्टपैलू खेळाडूंवर लेखमाला काढायचे ठरवले आणि मी क्लबच्या सामन्यांचे गुणलेखन करीत आलो असल्यामुळे मांकडांवरचा लेख माझ्याकडे आला. या दोन ओळी समोर ठेवून लेख सुरू करता येत नव्हता. त्या सुट्या वाचल्या तर एक मध्यम प्रतीचा फलंदाज दिसतो आणि एक बऱ्यापैकी डावखुरा फिरकी गोलंदाज दिसतो; ज्यांना जुनी मंडळी भारताचा पहिला थोर अष्टपैलू म्हणतात ते मांकड काही दिसत नाहीत.

म्हणून मी एक जाड वही घेतली आणि प्रत्येक कसोटीला एक पान दिले. पानावर केवळ धावा आणि बळी न लिहिता त्या सामन्यात काय कोणत्या क्रमाने घडले ते लिहायचे, म्हणजे मांकडांनी आधी गोलंदाजी केली की फलंदाजी, किती चेंडू टाकल्यानंतर ते पॅड बांधून मैदानात उतरले आणि कितव्या क्रमांकावर उतरले, हे नोंदवायचे असे ठरवले. हा शेवटचा रकाना त्यांच्या बाबतीत भलताच बोलका ठरतो, कारण कसोटी क्रिकेटमध्ये पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर फलंदाजी केलेल्या अगदी मोजक्या खेळाडूंपैकी ते एक आहेत. जुने धावफलक आज सहज मिळतात; वेळ जातो तो त्यांतून क्रम उलगडून काढण्यात.

पहिली अडचण षटकांची आली. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तिथल्या प्रथेप्रमाणे आठ चेंडूंचे षटक होते, त्यामुळे सगळ्या सामन्यांतील षटकांची सरसकट बेरीज केली तर ती निरर्थक ठरते. बेरीज चेंडूंचीच करावी लागते, आणि ती १४,६८६ भरते. ४४ सामन्यांनी भागले तर दर कसोटीत साधारण ३३४ चेंडू, म्हणजे सहा चेंडूंच्या हिशेबाने पंचावन्नहून अधिक षटके पडतात, आणि दर षटकामागे दिलेल्या धावा जेमतेम २.१४ निघतात. ज्या खेळाडूने दर सामन्यात एवढे चेंडू टाकले त्यानेच कारकिर्दीतील कितीतरी डावांची सलामी दिली, ही गोष्ट छापील दोन ओळींतून कधीच कळणार नाही. (गुणलेखकाच्या खोडीने एक हिशेब येथे नोंदवतो: पाच वेळा नाबाद राहिल्यामुळे २१०९ ला ६७ ने भागावे लागते आणि उत्तर ३१.४७७६ येते. छापील सरासरी ३१.४७ दिसते, कारण तिथे पुढचे अंक सोडून दिलेले आहेत.)

दुसरा प्रश्न वहीच्या सुरुवातीचा होता. मांकडांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगरला झाला आणि पहिली कसोटी ते जून १९४६ मध्ये लॉर्ड्सवर खेळले, म्हणजे वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. त्याआधीच १९३६-३७ मध्ये नवानगरने रणजी करंडक जिंकला होता आणि त्या संघात ते होते. १९३७-३८ मध्ये लॉर्ड टेनिसन यांचा इंग्लिश संघ भारतात आला तेव्हा अनौपचारिक कसोटी सामन्यांत विशीतल्या या खेळाडूने पाहुण्यांना थक्क केले होते. पण १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत भारत एकही अधिकृत कसोटी खेळला नाही, त्यामुळे त्यांची ऐन उमेदीची वर्षे रणजी आणि धर्मनिहाय संघांच्या पंचरंगी सामन्यांतच गेली. हा सगळा काळ मी कसोटीच्या पानांत न मिसळता वहीच्या आरंभी वेगळा लिहिला. १९४६ च्या दौऱ्यातील एकूण कामगिरीही तिथेच नोंदवली, कारण १९२८ मध्ये लिअरी कॉन्स्टंटाइन यांनी इंग्लंडच्या एका दौऱ्यात हजार धावा आणि शंभर बळी मिळवल्यानंतर तसे करणारे पुढचे पाहुणे खेळाडू मांकडच होते: ११२० धावा आणि १२९ बळी.

ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याबद्दल लिहिताना अनेकांची अपेक्षा एकाच प्रसंगाची असते. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून पुढे गेलेल्या बिल ब्राउन यांना मांकडांनी गोलंदाजाच्या टोकाला धावबाद केले. नियमाने ते बरोबर होते, ब्राउन यांना त्यांनी त्याच दौऱ्यातील आधीच्या एका सामन्यातही तसेच बाद केले होते, आणि प्रतिस्पर्धी कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी पुढे मांकडांचीच बाजू घेतली. मी या प्रसंगाला अर्धे पान दिले. त्याच मालिकेत लिंडवॉल आणि मिलर या वेगवान गोलंदाजांसमोर मेलबर्नला सलामीला येऊन त्यांनी दोन वेगवेगळ्या कसोटींत ११६ आणि १११ धावा केल्या, त्यांना मात्र पूर्ण दोन पाने दिली. आमच्या क्लबमधील काहींना हे प्रमाण उलटे वाटले, पण ४४ कसोटींची कारकीर्द एका धावबादापुरती उरावी हे मला मान्य नाही.

वही खऱ्या अर्थाने भरली ती १९५२ साली. फेब्रुवारीत मद्रासला भारताने आपल्या पंचविसाव्या कसोटीत पहिला विजय मिळवला, तोही इंग्लंडविरुद्ध एक डाव आणि आठ धावांनी. मांकडांनी पहिल्या डावात ५५ धावांत आठ आणि दुसऱ्यात ५३ धावांत चार बळी घेतले. पहिल्या डावातील आठांपैकी चार फलंदाज यष्टिरक्षक प्रबीर सेन यांनी यष्टिचीत केले, म्हणजे फलंदाज क्रीजबाहेर गेलेला असताना यष्ट्या उडवून बाद केले. चेंडूला उंची देऊन फलंदाजाला पुढे खेचण्याची त्यांची पद्धत कशी होती याचा याहून चांगला पुरावा धावफलकात सापडत नाही. त्या मालिकेत त्यांना १६.७९ च्या सरासरीने ३४ बळी मिळाले.

असा खेळाडू लगेच पुढच्या इंग्लंड दौऱ्याच्या संघात असणार हे कोणीही गृहीत धरले असते. प्रत्यक्षात लँकेशायर लीग या इंग्लंडमधील क्लब-स्पर्धेतील हॅसलिंग्डन क्लबचा करार मांकडांसमोर होता आणि दौऱ्यावर आपली निवड नक्की होणार असेल तर तो करार नाकारू, असे त्यांनी कळवले होते. तसे आश्वासन देण्यात आले नाही आणि त्यांनी हॅसलिंग्डनशी करार केला. क्रिकेटवर पोट असलेल्या माणसाने दुसरे काय करायचे होते? लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्य धावा आणि चार बाद अशी झाली, तेव्हा क्लबकडे शब्द टाकून त्यांना उरलेल्या कसोटींसाठी मोकळे करून घ्यावे लागले.

लॉर्ड्सच्या कसोटीचे पान मी सगळ्यांत हळू लिहिले. पहिल्या डावात सलामीला येऊन मांकडांनी ७२ धावा केल्या आणि पंकज रॉय यांच्यासह पहिल्या गड्यासाठी १०६ धावा जोडल्या. भारताच्या एकूण धावा २३५ झाल्या. मग इंग्लंडने ५३७ धावा केल्या, त्यांत मांकडांची ७३ षटके होती, २४ निर्धाव, १९६ धावांत पाच बळी. एवढी गोलंदाजी करून ते पुन्हा सलामीलाच उतरले आणि १८४ धावा केल्या, विजय हजारे यांच्यासह तिसऱ्या गड्यासाठी २११ धावांची भागी केली. इंग्लंडला जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या, तरीही त्यांनी आणखी २४ षटके टाकली आणि केवळ ३५ धावा दिल्या. भारत आठ गड्यांनी हरला. दोन डावांतील भारताच्या ६१३ धावांपैकी २५६ एकट्या मांकडांच्या आहेत.

आता याच सामन्याचा हिशेब छापील दोन ओळींच्या पद्धतीने केला तर काय निघते? गोलंदाजीत २३१ धावांत पाच बळी, म्हणजे दर बळीमागे ४६ हून अधिक धावा. ज्या सामन्याला पुढे क्रिकेटच्या जगाने मांकडांचीच कसोटी असे नाव दिले त्या सामन्याने त्यांची गोलंदाजीची सरासरी बिघडवली. सरासरी काढताना त्या ९७ षटकांच्या आगेमागे त्याच माणसाने काय केले ते बाजूला राहते. अष्टपैलू खेळाडूचे मोल मात्र नेमके त्या आगेमागेच असते. क्रमाचा रकाना ठेवण्याचा माझा निर्णय या पानावर पक्का झाला आणि आधीची पाने मी त्याच दृष्टीने पुन्हा वाचली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीला पाकिस्तानच्या पहिल्यावहिल्या कसोटीत मांकडांनी ५२ धावांत आठ आणि ७९ धावांत पाच बळी घेतले आणि भारताने पुन्हा डावाने विजय मिळवला. भारताचे पहिले दोन कसोटी विजय आणि त्यांत एका गोलंदाजाचे पंचवीस बळी! लखनौची कसोटी ते खेळले नाहीत. मुंबईच्या कसोटीत त्यांनी हजार धावा आणि शंभर बळी हा टप्पा पूर्ण केला. हा त्यांचा तेविसावा सामना होता आणि पाने मोजून ते पडताळताही येते: १९४६ चे तीन, ऑस्ट्रेलियातील पाच, वेस्ट इंडीजविरुद्धचे पाच, इंग्लंडविरुद्ध भारतातील पाच आणि इंग्लंडमधील तीन, मग दिल्ली, मग मुंबई. सर्वांत कमी सामन्यांत हा टप्पा गाठण्याचा त्यांचा विक्रम इयान बॉथम यांनी १९७९ मध्ये भारताविरुद्धच खेळताना एकविसाव्या सामन्यात मोडला.

न्यूझीलंडच्या पानांशी आल्यावर मला थांबून विचार करावा लागला. १९५५-५६ च्या मालिकेत मांकड चार कसोटी खेळले आणि त्यांनी १०५.२० च्या सरासरीने ५२६ धावा केल्या. मुंबईला २२३, मद्रासला २३१, तेही पंकज रॉय यांच्यासह सलामीला ४१३ धावांची भागी करून, जी २००८ पर्यंत कसोटीतील सर्वोच्च सलामीची भागी राहिली. पण तो न्यूझीलंडचा संघ दुबळा होता हे कोणी नाकारणार नाही, आणि ही मालिका वगळली तर मांकडांची फलंदाजीची सरासरी २५.५३ वर येते. हा आकडा लेखात द्यावा की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. गौरवपर लेखात तो कशाला, असे काहींचे म्हणणे होते. मी तो ठेवला, कारण तो दिल्याशिवाय लॉर्ड्सच्या पानाचे महत्त्व पुरते कळत नाही: ज्यांची एरवीची सरासरी पंचविशीच्या आसपास होती ते ७३ षटकांनंतर १८४ धावा करून गेले.

उरलेली पाने भराभर लिहून झाली. १९५४-५५ मध्ये ते पाकिस्तानात कर्णधार होते आणि पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या. त्या मालिकेबद्दल उत्साहाने लिहिणे कोणालाही जमेल असे वाटत नाही. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध एकाच मालिकेत भारताने चार कर्णधार केले, त्यांपैकी मद्रासच्या कसोटीत मांकड होते. फेब्रुवारी १९५९ ची दिल्लीची कसोटी त्यांची शेवटची. रणजीत ते पश्चिम भारत, नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई आणि राजस्थान अशा संघांकडून खेळले. मुंबईतच २१ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. एकोणीस वर्षांखालील खेळाडूंच्या करंडकाला आज त्यांचे नाव आहे, आणि आमच्या क्लबची मुले तिथवर पोचण्यासाठी धडपडतात.

त्या दिल्लीच्या कसोटीत पुण्याच्या चंदू बोर्डे यांनी १०९ आणि ९६ धावा केल्या होत्या. लेखमालेतील पुढचा लेख त्यांच्यावर आहे आणि वहीची पद्धत मी तीच ठेवली आहे. खांद्याच्या दुखापतीमुळे त्यांचा चेंडूंचा रकाना पुढे जवळजवळ रिकामा होत जातो. ५५ कसोटींत ३०६१ धावा आणि ५२ बळी या आकड्यांपैकी दुसरा कोणत्या पानापाशी थांबतो, ते शोधण्याचे काम सध्या चालू आहे.