सात नंबरचा पंप

गुरुजी गेले त्याला आता दीड महिना होईल. आयसीयूत अकरा वर्षं काढलेल्या बाईने एका पेशंटचं इतकं मनाला लावून घेऊ नये, असं आमच्या इनचार्ज सिस्टर म्हणतात. त्यांचं बरोबर असेल. पण त्या रात्री चार मिनिटं मी गुरुजींच्या खाटेजवळ नव्हते, आणि त्या चार मिनिटांतलं काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

गुरुजी तीन नंबरला होते. वय अठ्ठ्याहत्तर. नेवाशाकडचे, मिशनच्या शाळेत सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेलेली. फुप्फुसं पुरती थकलेली, दोन वर्षांत चौथ्यांदा ॲडमिट. बायपॅपवर होते, म्हणजे तोंडावर घट्ट मास्क आणि त्यातून दाबाने आत ढकललेली हवा. घशात नळी घालायची नाही असं त्यांनी शुद्धीत, मुलासमोर, स्पष्ट सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली माणसाला हे आधी लिहून ठेवायची मुभा दिली आणि २०२३ साली त्यातल्या अटी सोप्याही केल्या. आमच्याकडे मात्र दर पाळीला नवा डॉक्टर येऊन मुलाला विचारायचा, "नळीचं काय ठरलं?" मुलगा दर वेळी नव्याने मोडायचा. पेशंटने एकदा जड मनाने घेतलेला निर्णय त्याच्या घरच्यांकडून दिवसातून तीनदा वदवून घेणं ही क्रूरता आहे. हे मी राउंडला बोललेही.

बायपॅपच्या पेशंटची खरी लढाई नाकाच्या दांड्यावर असते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. मास्क सैल बांधला तर हवा डोळ्यात जाते, डोळे लाल होतात, मशीन ओरडत राहतं. घट्ट बांधला तर नाकाची कातडी काळवंडते आणि जखम खोल जाऊन हाडही दिसू शकतं. मी मास्क बांधायच्या आधीच हायड्रोकोलॉइडचा, म्हणजे कातडी जपणाऱ्या चिकट पट्टीचा, फुलपाखरासारखा तुकडा कापून नाकावर बसवते, पट्टा आणि गालामध्ये दोन बोटं सरकतील एवढी जागा ठेवते, आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, बरं असेल तर दर दोन-तीन तासांनी पाच मिनिटं मास्क काढून नाकात साध्या नळ्या लावते. तेवढ्यात तोंड पुसायचं, ओल्या गॉजने जीभ-ओठ भिजवायचे. असल्या फुप्फुसांना ऑक्सिजनही बेतानेच द्यायचा असतो. सॅच्युरेशन ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवायचं, शंभर दिसलं की खूश व्हायचं नाही. चार रात्री मी गुरुजींना सांभाळलं, त्यांच्या नाकावर साधा लाल डागही आला नाही.

त्या पाच मिनिटांच्या सुट्टीत ते बोलायचे. एका श्वासात तीन-चार शब्द. माझं नाव वाचून त्यांनी मी मंडळीतली, म्हणजे ख्रिस्ती, आहे हे ओळखलं होतं. तिसऱ्या रात्री म्हणाले, "पोरी, तेविसावं स्तोत्र पाठ आहे?"

"आहे गुरुजी."

"चौथ्या वचनात... सर्वनाम बदलतं. बघितलंस?"

मी कधीच बघितलं नव्हतं. पवित्र शास्त्रातलं हे स्तोत्र लहानपणापासून म्हणत आले. तो मला हिरव्यागार कुरणांत बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. सगळीकडे तो. मृत्युच्छायेच्या दरीत शिरल्यावर मात्र एकदम 'तू'. 'कारण तू माझ्याबरोबर आहेस.' गुरुजी वर्गात तृतीय पुरुष आणि द्वितीय पुरुष शिकवताना हेच उदाहरण द्यायचे. "कुरणात असतो... तेव्हा त्याच्याविषयी बोलतो. दरीत... त्याच्याशी बोलतो." एवढं बोलून धाप लागली. मी मास्क चढवला.

ते मला लागलं, कारण माझं 'तू' बंद पडलंय. मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकले, डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या. तिथे ऑपरेशनला हात लावायच्या आधी थिएटरमध्ये प्रार्थना व्हायची आणि माझ्या अंगावर काटा यायचा. कुणीतरी त्या खोलीत आहे याची मला तेव्हा खात्री असायची. २०२१ च्या एप्रिलमध्ये आई कोविडने गेली. मी दुसऱ्या हॉस्पिटलात पीपीई घालून परक्यांच्या आया सांभाळत होते. तेव्हापासून रविवार चुकवलेला नाही, प्रभुभोजन घेते, रात्री गुडघेही टेकते. समोर कुणी आहे असं मात्र वाटत नाही. आमच्यात याला देवाची समक्षता म्हणतात. अलीकडे मोठ्या सभांतून कीबोर्डच्या सुरावर 'समक्षता उतरते आहे' असं माइकवरून जाहीर करतात, आणि ज्याला रडू येत नाही तो स्वतःला खोटा समजत घरी जातो. मी तशी कितीदा घरी आले आहे. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, प्रसिद्ध झाली. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आत अंधारच जाणवत होता हे त्यातून जगाला कळलं. मला त्यातून धीर मिळाला, आणि थोडी भीतीही वाटली. पन्नास वर्षं.

चौथ्या रात्री दोननंतर गुरुजी ढेपाळायला लागले. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढत होता, श्वास उथळ झाला होता. मॉर्फिनचा छोटा डोस दिल्यावर तडफड थांबली. मुलाने चर्चच्या पाळकसाहेबांना फोन लावला, ते बाहेरगावी होते. आयसीयूचा नियम असा की एका वेळी एकच नातेवाईक, तोही पाच मिनिटं. मी बाई, म्हणजे गुरुजींची बायको, आणि मुलगा दोघांनाही आत घेतलं, पडदा ओढला. त्याबद्दल मला नंतर मेमो मिळाला. पुन्हा वेळ आली तरी मी तेच करीन.

बाई म्हणाल्या, "सिस्टर, पाळक नाहीत. तुम्हीच म्हणा काहीतरी." मी मास्क काढून नळ्या लावल्या. गुरुजींनी डोळे उघडले. मी त्यांचा हात धरून स्तोत्र सुरू केलं. खरं सांगते, पाळी बदलताना हँडओव्हर देताना जो आवाज असतो तोच होता. नजर मॉनिटरवर होती. 'मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही,' इथपर्यंत आले आणि सात नंबरचा पंप वाजला.

सात नंबरला तिशीतला मुलगा होता, सेप्सिसमधला, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेला. त्याचं बीपी पंपातून जाणाऱ्या नॉरॲड्रेनलिन या औषधावर उभं होतं आणि त्याची सिरिंज संपत आली होती. ते औषध रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं. थांबलं की बीपी खाली. माझी जोडीदार दुसऱ्या पेशंटचा कफ ओढून काढण्यात अडकली होती. मी गुरुजींचा हात बाईंच्या हातात दिला आणि धावले. दुसऱ्या पंपावर नवी सिरिंज चढवली, लाइनमधली हवा काढली, नवा चालू करून जुना हळूहळू उतरवला, बीपी पासष्ट मीनवर, म्हणजे सरासरी पासष्टवर, थांबलेलं पाहिलं, चार्टवर लिहिलं.

परत आले तेव्हा पडद्याआड कुणी बोलत नव्हतं. बाईंनी डोक्यावर पदर घेतला होता. मुलगा, जो चार दिवस भिंतीला टेकून उभा होता, तो गुडघ्यांवर होता. चादर बदलायला आलेल्या मावशी, पंढरीची वारी करणाऱ्या, पायाशी हात जोडून उभ्या. गुरुजींची नजर माझ्यावर नव्हती, बाईंवरही नव्हती. खाटेच्या डाव्या बाजूला, जिथे मी उभी असते, तिथे होती, आणि कपाळावरची चार दिवसांची आठी गेली होती.

बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही गेल्या अन् तो आला बगा."

पहाटे पाच चाळीसला गुरुजी गेले. मास्क त्यांनी पुन्हा लावू दिला नाही.

रेसिडेंट डॉक्टर म्हणाले, कार्बन डायऑक्साइड चढला की माणूस शांत होतो, गुंगतो. मला हे माहीत आहे, शेकडो वेळा पाहिलंय. पण तो गुरुजींच्या रक्तात चढला होता. बाईंच्या, मुलाच्या आणि मावशींच्या नव्हे. मावशींना मी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्या म्हणाल्या, "खोली भरल्यासारखी झाली." त्याहून जास्त त्यांना सांगता येईना.

पवित्र शास्त्रात दगड उशाला घेऊन झोपलेला याकोब जागा होऊन म्हणाला की परमेश्वर या ठिकाणी होता आणि मला ते कळलं नव्हतं. मी तर जागी होते. 'तू' यायच्या आधीच्या शब्दावर मी उठले. पुढचं वाक्य बाईंनी पूर्ण केलं की कुणीच नाही, हेही मी विचारलेलं नाही. विचारवत नाही. आणि एक प्रश्न रात्री परत परत येतो. तीन नंबरला जो आला होता, तो त्याच वेळी सात नंबरला, माझ्या हातातल्या सिरिंजपाशी होता का? तो मुलगा वाचला. बारा दिवसांनी चालत घरी गेला. तिथे मला काही जाणवलं नाही. बोटांना घाम आला होता तेवढं आठवतं.

दहा दिवसांनी बाई आणि मुलगा कागदपत्रं न्यायला आले. पिशवीत घरचं जुनं पवित्र शास्त्र होतं, कापडात गुंडाळलेलं. मधल्या कोऱ्या पानांवर तीन पिढ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू. गुरुजींच्या अक्षरातली शेवटची नोंद नातीच्या बाप्तिस्म्याची. खाली मुलाने लिहिलेली त्यांच्या मृत्यूची, पाच चाळीस. बाई म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही त्या दुसऱ्याकडं पळाल्या, तवा किती वाजले होते? तेबी लिहून ठेवायचंय."

मी सात नंबरचा चार्ट काढायला लावला. माझ्याच अक्षरात होतं, नॉरॲड सिरिंज बदलली, ३.१०.

बाईंनी माझ्याकडून पेन घेतलं आणि स्वतःच्या हाताने पाच चाळीसच्या वर लिहिलं, ३.१०. पुढे काहीच लिहिलं नाही. शाई वाळेपर्यंत पान उघडं धरलं, मग कापड गुंडाळलं.