विकसन करारनाम्याचं इंग्रजी आणि आम्ही

पुण्यातल्या कर्वेनगरमधली आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात, म्हणजे सगळे ज्याला '७९ए' म्हणतात त्यात, सांगितलेल्या पायऱ्या एकेक करून पार पडल्या, सभेत बिल्डर ठरला, आणि मग एका संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विकसन करारनाम्याचा मसुदा येऊन पडला. जाडजूड आणि अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत. खाली सेक्रेटरींचा निरोप: 'सर्वांनी वाचून हरकती लेखी कळवाव्यात.' त्यावर दहा-बारा जणांनी अंगठा दाखवला. वाचला कोणीच नव्हता.

आमच्याकडे बहुतेक सभासद निवृत्त आहेत. इंग्रजी येतं सगळ्यांना. पण हे इंग्रजी वेगळं. मी एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते, करारमदार डोळ्यांखालून जातात, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. सोबत दुसऱ्या मजल्यावरचे काका, जे जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आणि ज्यांना कुठलाही सरकारी कागद वाचायला मनापासून आवडतो.

पहिल्याच पानावर 'नाऊ धिस प्रेझेंट्स विटनेसेथ' असं काहीतरी होतं. तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "बिल्डर प्रेझेंट देणार आहे का काही?" हसण्यावारी नेलं, पण उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. शोधल्यावर कळलं की इथे 'प्रेझेंट्स' म्हणजे हाच, समोरचा दस्त. जुन्या लॅटिन दस्तांतली लकब इंग्रजीत तशीच राहिली आहे. आपल्या जुन्या खरेदीखतांत 'कारणे लिहून देतो ऐसाजे' असतं, तसलाच प्रकार. काढून टाकलं तरी कोणाचं काही बिघडत नाही.

अशी बिनविषारी वाक्यं मसुद्यात बरीच निघाली. 'राइट, टायटल अँड इंटरेस्ट', 'नल अँड व्हॉइड', 'टर्म्स अँड कंडिशन्स'. एकाच गोष्टीला दोन-दोन, तीन-तीन शब्द का? याचं कारण इंग्लंडात आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे कितीतरी काळ तिथल्या कोर्टांत फ्रेंच आणि लॅटिन चालत राहिलं. १३६२ साली कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा झाला, तरी लेखी नोंदी लॅटिनमध्येच राहिल्या. त्या इंग्रजीत यायला १७३३ साल उजाडलं. त्या खिचडीत एक शब्द इकडचा, एक तिकडचा असं जोडीनं लिहायची सवय वकिलांना लागली, असं सांगतात. काकांनी हे ऐकून 'कागदपत्र-बिगदपत्र' असं काहीतरी पुटपुटत पुढचं पान उलटलं.

शब्दांसाठी आम्ही भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश वापरले. मोबाइलवर फुकट शोधता येतात, आणि त्यांत न्यायव्यवहाराचाही कोश आहे. 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार नव्हे, मोबदला किंवा प्रतिफल. 'एन्कम्ब्रन्स' म्हणजे बोजा. हा शब्द तर सातबारा पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत असतो. 'विदाउट प्रेज्युडिस' वर काकांनी समासात पेन्सिलीनं 'पूर्वग्रह न ठेवता' लिहून ठेवलं होतं. खरा अर्थ 'हक्कांना बाधा न येता'. म्हणजे बिल्डर तडजोडीचं पत्र पाठवील, पण त्यामुळे त्याचा मूळ दावा सुटला असं कोणी म्हणू शकणार नाही. कोश हाताशी असला की एवढं घरबसल्या होतं.

अडलो ते पुढे. ज्या शब्दांना कोश लागतच नाही, तिथे.

शिवाजीनगर कोर्टात वकिली करणाऱ्या एका वकीलबाईंना सोसायटीनं नेमलं होतं. त्यांच्याकडे आम्ही शब्दांची यादी घेऊन गेलो. यादी त्यांनी बाजूला ठेवली, मसुदा पुढे ओढला आणि लाल पेनानं भलत्याच शब्दांना गोल करायला लागल्या. 'मे', 'शॅल', 'डीम्ड', 'एंडेव्हर', 'सबजेक्ट टू'. प्रत्येक कलमापाशी त्यांचा एकच प्रश्न: "बांधकाम अर्धवट थांबलं, तर हे वाक्य कोर्टात कोण काढून दाखवेल? तुम्ही की तो?"

पार्किंगचं कलम घ्या. 'डेव्हलपर मे प्रोव्हाइड' प्रत्येक सभासदाला एक झाकलेलं पार्किंग. आम्ही सगळ्यांनी ते 'पार्किंग मिळणार' असं वाचलं होतं. 'मे' म्हणजे देऊ शकेल. दिलं तर दिलं. पुढच्या बैठकीत 'शॅल', म्हणजे द्यावंच लागेल, करा म्हटल्यावर बिल्डरचा माणूस म्हणाला, "अहो, अर्थ एकच आहे." काका शांतपणे म्हणाले, "एकच असेल तर बदला की मग." बदललं.

मुदतीचं कलम याहून बेरकी होतं. सभासदांनी घरं रिकामी करायची, तिथे लिहिलं होतं 'टाइम शॅल बी ऑफ द इसेन्स', म्हणजे मुदत हाच कराराचा गाभा. बिल्डरनं इमारत पुरी करायची, तिथे होतं 'शॅल एंडेव्हर टू कम्प्लीट', म्हणजे पुरी करायचा प्रयत्न करील. भारतीय करार अधिनियम १८७२ चं कलम ५५ वकीलबाईंनी उघडून दाखवलं. मुदत हा कराराचा गाभा असेल आणि ती पाळली नाही, तर समोरच्याला करार रद्द करता येतो. गाभा नसेल तर करार तसाच उभा राहतो, फक्त नुकसानभरपाई मागता येते. म्हणजे आम्ही घर सोडायला उशीर केला तर करारच मोडू शकतो, आणि त्याला दोन वर्षं उशीर झाला तर 'आम्ही प्रयत्न केला होता' हे त्याचं उत्तर तयार. दोन्हीकडे एकच वाक्य टाकायला लावलं. यावर जेवढी घासाघीस झाली तेवढी भाड्याच्या रकमेवरही झाली नव्हती.

'फोर्स मेज्योर' हा खरं तर सगळ्यांना घाबरवणारा शब्द, पण कोविडनंतर तो बऱ्याच जणांच्या कानावरून गेला आहे. त्या वेळी महारेरानं, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, प्रकल्पांना मुदतवाढ दिली ती याच नावाखाली. माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती. आमच्या मसुद्यात मात्र त्या यादीत मजुरांची टंचाई, मालाची टंचाई, परवानग्यांना लागलेला उशीर आणि 'डेव्हलपरच्या नियंत्रणाबाहेरचं अन्य कोणतंही कारण' असं सगळं कोंबलं होतं. पुण्यात परवानगीला उशीर ही आपत्ती म्हणायची तर पावसाळाही आपत्तीच. रेरा कायद्याच्या कलम ६ मध्ये याची व्याख्या दिली आहे: युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा दुसरी नैसर्गिक आपत्ती. वकीलबाईंनी तीच उचलून इथे ठेवली आणि बाकीचं खोडलं. बिल्डरच्या वकिलांनी परवानग्यांचा मुद्दा धरून ठेवला होता. शेवटी त्याला कमाल मर्यादा घालून घेतली.

'डीम्ड' बद्दल मला वाटलं होतं की हा आपल्याला कळतो. मानीव अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे बिल्डर करून देत नसला तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याच्या, निमित्तानं 'मानीव' हा शब्द पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या सभेत ऐकू येतो. प्रत्यक्षात घडलेलं नसलं तरी कायद्यानं घडलं असं मानायचं. मसुद्यात तो असा होता: बदललेल्या नकाशावर सात दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर संमती मिळाली असं मानलं जाईल. आमचे एक आजोबा वर्षातले सहा महिने मुलाकडे बंगळुरूला असतात. त्यांची संमती ते तिथे चहा पीत असतानाच मिळून गेली असती. हे कलम आम्ही पूर्ण काढायला लावलं. मुदत वाढवून द्यायची त्यांची तयारी होती, पण नको म्हटलं. गप्प बसणं म्हणजे होकार नाही, एवढं साधं आहे.

कुलमुखत्यारपत्राबद्दल मी अजूनही थोडी नाराज आहे. ते 'इर्रिव्होकेबल' म्हणजे रद्द न करता येणारं होतं. करार कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे मुखत्याराचा त्या मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध असेल, तर त्याला बाध येईल अशा रीतीनं मुखत्यारी एकतर्फी संपवता येत नाही, आणि बिल्डर पैसे ओतणार म्हणजे हितसंबंध आलाच. वकीलबाईंचं म्हणणं, हे प्रत्येक विकसन करारात असतंच, त्यावर भांडून वेळ घालवू नका, अधिकार कुठले दिले तेवढं बघा. बघितलं. आमच्या वाट्याच्या सदनिका गहाण टाकण्याचा अधिकार त्यात गुपचूप बसला होता. तो काढला.

'इन्डेम्निफाय' मराठीत सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कोशात क्षतिपूर्ती आहे, पण सभेत क्षतिपूर्ती म्हटलं की निम्मे लोक मोबाइल काढतात. मग मी असं सांगितलं: जमिनीच्या मूळ मालकाचा कुणी वारस उद्या उभा राहिला आणि त्यानं बिल्डरवर दावा ठोकला, तर वकिलाच्या फीपासून भरपाईपर्यंतचा खर्च सोसायटी भरेल, असं आपण लिहून देतोय. सभागृह जागं झालं. तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "आणि त्याच्या बांधकामात शेजारच्या इमारतीला तडा गेला तर?" त्याबद्दल मसुद्यात चकार शब्द नव्हता. काकूंच्या प्रश्नातून उलट्या बाजूची क्षतिपूर्ती करारात आली.

शेवटच्या सभेआधी मी कलमवार मराठी सारांश काढून प्रत्येकाच्या दारात टाकला आणि वर ठळक लिहिलं की मतभेद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल, कारण करारात तसं कलमच आहे. ते बदलायला बिल्डर तयार झाला नाही. करार मराठीत नोंदवता येतो, दुय्यम निबंधकांकडे मराठी दस्त रोज नोंदवले जातात, पण कर्ज देणारी बँक इंग्रजीच मागते, असं त्यांनी सांगितलं.

हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवला गेला. सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, मात्र मराठीत मिळाली, आणि काकांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली.

आता प्रत्येक सभासदाच्या पर्यायी जागेचा करारनामा आला आहे. त्यात लिहिलंय की मूळ कराराच्या अटी 'म्यूटेटिस म्यूटँडिस' लागू होतील. म्हणजे योग्य त्या फेरफारांसह. योग्य कुठले आणि ते ठरवणार कोण, हे वकीलबाईंना विचारून ठेवलंय. गुरुवारी त्यांच्याकडे जायचं आहे.