मास्तरांचे शेवटचे ऐंशी मीटर

रविवारी आमच्या ४×४०० मीटर रिलेची ट्रायल फसली: चौघांनी एकेक फेरी (लेग) पळायची आणि बॅटन, म्हणजे हातातली नळी, पुढच्याला द्यायची. ४:२१.४, तेही बॅटन पडून, परत उचलून. मागच्या वेळी ४:१६ लागले तेव्हा ‘४:१५ आता हातातोंडाशी आलंय’ असं मीच लिहिलं होतं. मागे घेतो.

भानगड तीच, दुसऱ्या लेगवरून तिसऱ्याकडे बॅटन देतानाची; दुसरा लेग आमच्या मास्तरांचा, तिसरा माझा. कॉलेजची पोरं सोबत पळत होती. मास्तर पहिल्या वळणानंतर ब्रेक लाइनला, म्हणजे आपली लेन सोडायची मुभा मिळते त्या रेघेला, आत आले, पुढे एक पाठ दिसली आणि त्यांच्यातला पंचविशीचा गडी जागा झाला. पहिले २०० मीटर २९.८, पुढचे ३७.९. शेवटच्या ऐंशी मीटरला हात छातीशी गोळा, मान मागे, पाय चिखलातून काढल्यासारखे.

समोर उभा मी. माझी ‘सुट’ची खूण पाच मीटर मागे, ताज्या मास्तरांच्या हिशेबाने लावलेली. ते खुणेवर आले आणि सवयीने मी जीव खाऊन सुटलो. बॅटन बदलायचा झोन २० मीटरचा. पंधराव्या मीटरला वळून बघतो तर त्यांचा हात अजून दीड मीटर मागे! मी करकचून थांबलो, ते येऊन आदळले, बॅटन घरंगळत दुसऱ्या लेनमध्ये. सुटली त्यांच्या हातून, म्हणजे नियमाने उचलायचीही त्यांनीच. वाकताना त्यांनी जो आवाज काढला तो इथे लिहिता येत नाही.

आठवडाभर याच एका गोष्टीवर घासतोय. मंगळवारी खूण तीन मीटरवर आणली. मास्तर ताजे होते, त्यांनी माझ्या टाचाच तुडवल्या. बुधवारी चार. कधी जमलं, कधी नाही. फक्कीची रेघ हलत नाही, मास्तरांचा दम मात्र रोज हलतो, हे कळायला मला तीन दिवस लागले. गुरुवारी दोन रेघा मारल्या. ते पन्नास मीटरवर असताना खांदे बघायचे: खांदे खाली असतील तर पाच मीटर, कानाला लागले असतील तर तीन, आणि सुटायचं दोन तृतीयांश जोरानेच, नजर मागे ठेवून. आंधळा पास, म्हणजे मागे न बघता बॅटन घेणं, ४×१००वाल्यांना लखलाभ. सातपैकी पाच बदल स्वच्छ. त्यातला चौथा मी व्हिडिओवर अकरा वेळा पाहिला. बाराव्या मीटरला, चालत्या पायांत, ‘पट्ट’ असा आवाज.

अर्धा सेकंद वाचवायला एवढा खटाटोप कशाला, असं आमच्या चौघांतला सीए म्हणतो. त्याला बुडापेस्ट सांगितलं. तिथे २०२३च्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत आपल्या अनस, अमोज, अजमल आणि राजेश यांनी याच रिलेच्या हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) २:५९.०५ काढले, तेव्हाचा आशियाई विक्रम. सरासरी ४४.७६ प्रत्येकी. तेव्हा ४०० मीटरचा आपला राष्ट्रीय विक्रम अनसचाच, ४५.२१. पहिला सोडला तर बाकी तिघांना पळत्या पायांची सुरुवात मिळते, ती अशी कामाला येते. आम्ही ती मिळवून वर ब्रेक मारतो.

जाता जाता बॅटनचं. ऑनलाइन मागवलेली ॲल्युमिनियमची किचनच्या काट्यावर ४७ ग्रॅम भरली. नियमात किमान ५० लागतात. शिवाय घामाने साबणासारखी होते. सरावाला हार्डवेअरच्या दुकानातला चाळीस मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, २९ सेंटिमीटर कापा, कडा घासा. पुष्कळ झालं.

पण हे लिहिताना लक्षात येतंय की मी चुकीच्या टोकाला दुरुस्ती करतोय. मास्तरांनी पहिले २०० मीटर ३१.५ने काढले तर पुढचे ३४ने निघतात. ६५.५. रविवारचे ६७.७ होते. शनिवारी सीएला २०० मीटरवर उभं करून आकडा ओरडायला लावायचा, असं ठरलं होतं. पण पाठ दिसली की मास्तरांना ऐकू येत नाही.

मग त्यांना पहिला लेगच का देऊ नये? पूर्ण फेरी आपल्याच लेनमध्ये, आत घुसायची भानगड नाही. स्टॅगरमुळे, म्हणजे बाहेरच्या लेनची सुरुवात पुढे असल्यामुळे, बाहेरच्या लेनवाले पुढे दिसणार, हे खरं. आतली लेन मिळाली तर पुन्हा पाठलाग... तरी ब्रेक लाइनच्या गर्दीपेक्षा बरं. सीए दुसऱ्या लेगला जाईल. तो व्याज मोजल्यासारखा पळतो, त्याच्यामागे एकच रेघ पुरेल. दोन रेघांची वही मी त्याच्याकडे देतो, मास्तर आता त्याच्यावर येणार.

अडचण एवढीच, दुसरा लेग मास्तरांचा कॉलेजपासूनचा आहे. त्यांना सांगायचं कुणी? सीए म्हणतो, कल्पना तुझी, फोन तू कर.